पाठीवरचा हात

भुईनाथ महाराज त्या वर्षी चैत्रात हिवरतळ्याला होते. गावाबाहेर महादेवाचं देऊळ आहे, त्याच्या ओवरीत त्यांचा मुक्काम असे. कुणी आसन घातलं तरी ते बाजूला सारून महाराज जमिनीवरच बसत, म्हणून लोक त्यांना भुईनाथ म्हणू लागले. त्या मुक्कामातली ही हकीकत गावातली जुनी माणसं अजून हात जोडून सांगतात.

देवळामागच्या एका खोलीत मथुरा राहत असे. बाराव्या वर्षी तिला दमा जडला. दोनदा लग्न ठरलं आणि दोन्ही वेळा तिची धाप पाहून पाहुणे उठून गेले. पुढे आईबाप वारले. भाऊबंद कुणी नव्हते. चाळिशीला आलेली ही बाई पळसाच्या पत्रावळी लावून पोट भरी. बरं असेल त्या दिवशी पन्नास लावायच्या, नसेल त्या दिवशी पाच, आणि पाचच झाल्या म्हणून जिवाला खायचं नाही, असा तिचा नेम होता. पाणी घागरीने न आणता ती कळशीने अर्धं अर्धं आणी. धाप लागली की उंबऱ्यात बसायचं, पालथ्या पाटीवर कोपरं टेकायची आणि श्वास सावकाश सोडत मोजायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुखण्याशी तिने असं जमवून घेतलं होतं. एकटेपणाशी मात्र जमत नव्हतं. कधी कधी तीन-तीन दिवस तिच्याशी कुणी शब्द बोलत नसे. मग ती पळसाची पानं मोठ्याने मोजी, निदान आपला आवाज तरी कानावर पडावा म्हणून.

एके सकाळी ती महाराजांपुढे येऊन बसली. दम खाऊन म्हणाली, "महाराज, तुम्ही लोकांची दुखणी घालवता म्हणतात. माझं घालवाल?"

 महाराज म्हणाले, "मथुरे, तुला खोटं सांगवत नाही. हे शेवटपर्यंत तुझ्याबरोबर राहणार."

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "मग एवढं करा. जोराची धाप लागेल तेव्हा जवळ कुणीतरी असू द्या. मरायचं भय वाटत नाही मला. पण त्या वेळी घरात कुणी नसतं, ते सोसत नाही."

महाराज म्हणाले, "बरं."

त्याच महिन्यात हैबतराव देशमुखांनी आपल्या मळ्यावर भंडारा योजला. मळा गावापासून तीन कोसांवर. घरोघरच्या बायका पत्रावळी लावून देवळात आणून देत होत्या. मथुरानेही पंधरा दिवस खपून दोनशे आणल्या. हैबतरावांनी देवळासमोर सगळ्यांदेखत तिचा ढीग काठीने बाजूला लोटला.

"खोकत खोकत लावलेल्या पत्रावळींवर माझे पाहुणे जेवणार का? ना नवरा, ना पोर, आणि वर हे दुखणं. मागच्या जन्मीचं फेडते आहे ती. माझ्या पंगतीत तिची पानं नकोत आणि तीही नको."

 मथुराने वाकून एकेक पत्रावळ उचलली आणि ओच्यात धरून घरी नेली. महाराज ओवरीतून हे पाहत होते.

भंडाऱ्याच्या दिवशी सगळं गाव मळ्यावर गेलं. दुपारी वारा सुटला आणि खळ्यांवरचा गव्हाचा भुसा उडून गावभर पसरला. मथुराची छाती भरून आली. ती उंबऱ्यात बसली, पाटीवर कोपरं टेकली, मोजू लागली. पण त्या दिवशी मोजणं जमेना. चार म्हणेपर्यंत श्वास तुटे. नखं निळी पडली. चूल विझलेली होती आणि उठायचं त्राण नव्हतं. समोरच्या रस्त्यावर एक माणूस दिसत नव्हतं. हाक मारायलासुद्धा श्वास लागतो, तो तिच्याकडे नव्हता. डोळ्यांपुढे अंधारलं, आणि त्याच वेळी तिच्या पाठीवर एक हात आला.

इकडे मळ्यावर पंगत बसली होती. महाराज मानाच्या जागी होते, पण पानाला त्यांनी हात लावला नव्हता. डोळे मिटलेले, आणि उजवा हात हवेत वरून खाली, वरून खाली फिरत होता.

हैबतराव हसून म्हणाले, "काय महाराज, माशा वारताय?"

"थांबा जरा. एकीचा श्वास मोजतो आहे," महाराज म्हणाले.

पंगतीत हशा पिकला. इतक्यात महाराजांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. हैबतराव शेजारीच उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या तळव्यावर टरटरून फोड आला. जवळपास कुठे विस्तव नव्हता.

"हे कशाने भाजलं?"

"मथुराच्या चुलीवर तवा तापला होता."

हैबतरावांना ते पटेना. हे ढोंग उघडं पाडावं म्हणून त्यांनी लगेच घोड्यावर खोगीर घातलं. दौडत मथुराच्या दाराशी आले, तर चूल पेटलेली होती. मथुरा भिंतीला टेकून बसली होती, छातीशी गरम मिठाची पुरचुंडी. श्वासात अजून शीळ वाजत होती, पण तो चालू होता.

तिनेच विचारलं, "ते म्हातारबाबा वाटेत भेटले का हो? आत्ताच गेले."

"कोण होतं?"

"तोंड नाही दिसलं. पाठीमागे बसले होते. पाठ चोळली, माझ्याबरोबर मोजलं. मीठ गरम केलं आणि तवा तसाच हाताने उतरवला. मी म्हटलं, भाजेल. तर म्हणाले, भाजू दे."

हैबतराव आत येऊन चुलीपाशी बसले. मळ्यावर पंगती उठत होत्या, यजमानाची वाट पाहत होत्या, पण संध्याकाळी तिला नीट श्वास येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.  चुलीत लाकडं तेवढी सारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवळात आले. महाराजांच्या तळव्याला फडकं बांधलेलं होतं. हैबतराव पायांवर डोकं ठेवायला वाकले, तोच महाराजांनी पाय आखडून घेतले.

"हैबतराव, मी तिथे घटकाभर होतो. ती अठ्ठावीस वर्षं त्या श्वासापाशी बसली आहे, आणि रोज उठून कुणाच्या तरी जेवणासाठी पानं लावते आहे. नमस्कार तिला करा."

मथुरा विहिरीवरून कळशी घेऊन येत होती, दोन पावलं चालून थांबत. हैबतरावांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, वाटेतल्या धुळीत गुडघे टेकले आणि दर्शनाला जमलेल्या सगळ्या गावासमोर तिच्या पायांवर डोकं ठेवलं. कुणी आपल्याला नमस्कार करील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती कळशी कमरेवर धरून नुसती उभी राहिली, आणि तिचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत हैबतरावांनी डोकं वर उचललं नाही.