अडकलं की पहिल्यापासून

एका गावात एक भोळे गुरुजी होते. गावाचं नाव खडकेवाडी, गुरुजींचं केरबा. भोळे म्हणजे किती? सांगितलेलं कधी विसरायचे नाहीत आणि ते कुठे वापरायचं ते कधी कळायचं नाही, इतके.

शाळेला टीव्ही आला. चांगला फळ्याएवढा. पण कायमचा नव्हे. साहेब पाहणीला येणार, गुरुजी त्यावर कसं शिकवतात ते बघणार. पसंत पडलं तर टीव्ही इथेच, नाहीतर शेजारच्या माळेवाडीला. पोरं जाता-येता त्या टीव्हीला हात जोडायची.

बसवणारा माणूस जाताना म्हणाला, "धूळ बसू देऊ नका. आवरण घालून ठेवा."

गुरुजींनी आवरण घातलं आणि मोराचा पाठ लावला.

"गुरुजी, मोर दिसंना!"

"ओरडतोय ना? मग आहे आत."

ओरडा ऐकून मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका इंदुमतीबाई. "अहो गुरुजी, झाकून काय शिकवता? पाठ सुरू करायच्या आधी आवरण काढायचं!"

"चुकलंच बाई. आता ध्यानात ठेवतो."

ठेवलंही. दुसऱ्या दिवशी पाठ होता 'आपला आहार'. गुरुजी उठले, व्हरांड्यात निवत ठेवलेल्या खिचडीच्या पातेल्यावरची परात काढली आणि मगच वर्गात येऊन जीवनसत्त्वं शिकवायला लागले. जीवनसत्त्वं शेळीने खाल्ली.

"अवं गुरुजी, समदं पातेलं चाटूनपुसून गेली की वो शेळी!" खिचडी शिजवणाऱ्या रखमाकाकूंनी कपाळावर हात मारला.

"पाठ सुरू करायच्या आधी आवरण काढायचं असतं, काकू," गुरुजींनी समजावलं.

बाईंनी डोकं धरलं. "गुरुजी, तुम्ही आधी पाठाचं टाचण काढत जा. काय दाखवणार, मुलं काय करणार, सगळं लिहा. आणि लिहिलंय तेवढंच करा. त्याबाहेर इकडची काडी तिकडे करू नका."

गुरुजींनी रीतसर टाचण काढलं. 'टीव्हीवर पृथ्वीचे फिरणे दाखवीन. मुले बघतील. शेवटी मुले आनंदाने टाळ्या वाजवतील.'

टीव्ही लावला आणि नेट गेलं. पडदा काळा झाला. मधोमध एक पांढरं कडं गरगर फिरायला लागलं.

"बघा," गुरुजी म्हणाले, "पृथ्वी कशी फिरते."

"गुरुजी, सूर्य कुठाय?"

"रात्र आहे."

अर्धा तास पोरांनी कडं बघितलं. मग गुरुजींनी टाळ्या मागितल्या. टाळ्यांचा कडकडाट ऐकून बाई कौतुकाने आत आल्या आणि दारातच थिजल्या.

"ही पृथ्वी नव्हे हो! टीव्ही अडकलाय. अडकलं की बंद करायचं, जरा गार होऊ द्यायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. एवढं तरी लक्षात ठेवा."

हे मात्र गुरुजींना फार आवडलं. किती सोपं!

दुसऱ्याच दिवशी तनुजा सातचा पाढा म्हणताना 'सात आठे'पाशी अडकली. गुरुजींनी तिला बाहेर लिंबाखाली बसवलं, डोळे मिटायला लावले, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. मग आत आणून म्हणाले, "हं, पहिल्यापासून." तनुजाने घडाघडा पाढा म्हटला. खिडकीतून मैत्रिणीने 'छप्पन्न' सांगितलं होतं, ते गुरुजींना कुठलं कळायला! त्यांचा विश्वास पक्का बसला.

साहेब आले. हार झाला, नारळ झाला, स्वागतगीत झालं. टाचण तयार होतं. आणि नवल म्हणजे, पाठ झकास झाला. आवरण काढलेलं, खिचडी झाकलेली, नेट चालू. बाईंच्या जिवात जीव आला. टाचणातल्या दोनच ओळी राहिल्या होत्या. 'साहेब बोलतील. शेवटी मुले आनंदाने टाळ्या वाजवतील.'

साहेब उठले. "मला फार समाधान वाटलं. म्हणून मी ठरवलंय की हा टीव्ही..." आणि साहेबांना ठसका लागला.

पोरांनी टीव्हीकडे बघून हात जोडले. बाईंनी पदर घट्ट धरला.

"साहेब अडकले," गुरुजी म्हणाले.

त्यांनी साहेबांचा दंड धरला, बाहेर लिंबाखाली नेऊन बसवलं आणि डोक्यावर ओलं फडकं ठेवलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"बोलू नका साहेब. तुम्ही बंद आहात."

साहेब गार झालेसे वाटल्यावर गुरुजींनी त्यांना आत आणलं. "चला, पहिल्यापासून." पुन्हा हार घातला. पुन्हा नारळ दिला. स्वागतगीताच्या दुसऱ्या कडव्याला साहेबांचा आवाज फुटला, "उचला तो टीव्ही! माळेवाडीला!"

टीव्ही जीपमध्ये गेला. धूळ बसू नये म्हणून गुरुजींनी त्यावर स्वतः आवरण घातलं. पोरं रडकुंडीला आली.

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. जीप गुरगुरली आणि बंद पडली. पुन्हा गुरगुरली, पुन्हा बंद.

बाईंच्या डोळ्यांत आशा चमकली. आता साहेब थांबतील. रखमाकाकू भजी तळतील. चहा होईल, राग निवेल, टीव्ही उतरेल. "कुणी हात लावू नका रे जीपला," त्या हळूच म्हणाल्या.

पण गुरुजी कधीच पोचले होते. "अडकलीय होय? बंद करा. जरा गार होऊ द्या." त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत ओलं फडकं ठेवलं, काढलं. "हं, आता पहिल्यापासून."

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. जीप झटक्यात सुरू झाली. जन्मात पहिल्यांदाच गुरुजींनी शिकलेली गोष्ट बरोबर जागी वापरली होती.

जीप टीव्ही घेऊन वळणाआड गेली. बाई मटकन पायरीवर बसल्या. पोरं धुळीकडे बघत उभी राहिली.

गुरुजींनी खिशातून टाचण काढलं आणि बोट ठेवून वाचलं.

"शेवटची ओळ राहिली रे," ते म्हणाले. "वाजवा टाळ्या. आनंदाने."