शंभर मणांचा हुकूम

"दाखला नाही, तर काम नाही!" असं म्हणत दिवाण त्र्यंबकपंतांनी अर्ज चिमाबाईच्या पुढ्यात परत सरकवला.

चिमा बेलदारीण नऊ गाढवांची मालकीण. नवरा गेल्यापासून माल वाहायचा धंदा तीच बघायची. पण बड्या ठेकेदारांच्या गाड्यांपुढे तिला विचारतो कोण? म्हणून तर महाराजांची दवंडी ऐकून ती हरखली होती. गडावर दाणागोटा पोचवण्याच्या कामाचा पाचवा हिस्सा यापुढे लहान, मागे पडलेल्या वाहतूकवाल्यांना मिळणार होता. फक्त दिवाणांकडून तसा दाखला घ्यायचा!

"पंत, मी लहान नाही का?"

"आहेस की! पण महाराजांची अट आहे. शंभर मण सरकारी माल आधी वाहिलेला हवा."

"अहो, दाखल्यावाचून माल नाही, अन् मालावाचून दाखला नाही! मग आजवर दिलात तरी किती जणांना?"

"एकालाही नाही," पंत समाधानानं म्हणाले. "तुझ्यासारखे आणखी नऊ अर्ज पडून आहेत."

चिमा तडक सदरेवर गेली. पण महाराज महाहट्टी!

"आमची अट म्हणजे अट! उद्या दुपारपर्यंत पुरावा आण. नाहीतर वर्षभर इकडे फिरकू नकोस!"

चिमाच्या घरात आठवड्यापुरतीच ज्वारी उरली होती. तरी ती हात जोडून म्हणाली, "मग महाराज, तेवढी अट शिक्क्यानिशी लिहून द्या. पायथ्याच्या चौकीवर दाखवून उद्या माघारी आणते."

महाराजांनी हुकूम लिहवून तिच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नऊ गाढवं गड चढून आली. आठांच्या पाठी रिकाम्या! नवव्याच्या पाठीवर फडक्यात गुंडाळलेला तोच हुकूम.

"माल कुठाय?" महाराज गरजले.

"हा काय! सरकारी कागद, सरकारी शाई, सरकारी शिक्का. चौकीवरून गडावर सुखरूप पोचवला. साक्षीदार खुद्द महाराज!"

पंत खो खो हसले. "आणि शंभर मण? या चिटोऱ्याला गुंजभर तरी वजन आहे का?"

चिमा गर्रकन कारकुनाकडे वळली. "लिहून घ्या हो! महाराजांच्या हुकुमाला गुंजभरही वजन नाही, असं दिवाणजी म्हणतात!"

कारकुनानं लेखणी उचलली.

"काय पंत?" महाराजांनी भुवया चढवल्या. "किती वजन आहे आमच्या हुकुमाला?"

"ह... हजार मण, महाराज! पुरे हजार मण!"

"मला शंभर पुष्कळ झाले," चिमा म्हणाली. "उरलेले नऊशे त्या नऊ जणांच्या नावावर मांडा!"

महाराज असे हसले की मंदिल डोळ्यांवर घसरला. चिमाला त्यांनी साडीचोळी दिली, वर वर्षभराच्या मिठाच्या वाहतुकीचं काम दिलं. आणि पंतांनी मान खाली घालून, एकामागून एक, दहा दाखले लिहिले!