पुसायचं नाही, वरून चढवायचं

"पण पुसून टाकायला तुमची हरकत काय, बुवा?"

विश्राम तिसऱ्यांदा तेच विचारत होता, आणि आता आवाजही चढला होता.

कोळगिरीच्या मठातला एकुलता एक कॉम्प्युटर दोन दिवस आजारी होता. सुरू व्हायचा, पण काही छापायला दिलं की मान टाकायचा. त्यात विश्राम पडला पुण्याच्या कंपनीतला इंजिनिअर. मठात येऊन सात महिने झाले, दीक्षेचा पत्ता नाही, पण ऐट काही सुटली नव्हती. यंत्राचा दोष आपण लांबूनच ओळखतो, असं येताजाता सांगायचा.

निरंजनबुवा खांबाला टेकून सुपारी कातरत होते.

"पुसलं तर आतलं जाईल?"

"जाईल. हवं ते आधी बाजूला काढतो. बाकी साफ."

"हवं कुठलं नि नको कुठलं, मला रे काय ठाऊक? न पुसता नाही होत?"

"होतं की. जुन्याच्याच उरावर नवी सिस्टिम चढवायची. आतलं सगळं जागच्या जागी राहतं. पण त्यात राम नाही, बुवा. कोरं ते कोरं."

"चढव."

विश्रामने कपाळाला आठ्या घालून पेनड्राइव्ह लावला. थोड्या वेळाने पडद्यावर प्रश्न आला. आतलं ठेवायचं, की काहीच ठेवायचं नाही?

त्याचं बोट तिथंच थांबलं.

...

"काय झालं रे?"

"या डबड्याला विचारतात, बुवा. मला नाही कुणी विचारलं."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सात महिने झाले. पहाटे उठतो, अंगण झाडतो, जप करतो. माळ संपली की वृंदा समोर उभी. छातीत जळजळतंय म्हणाली होती हो. मी म्हटलं, पित्त आहे, आमसूल चघळ. बरं म्हणाली. मी ऑफिसला गेलो. साडेअकराला शेजारच्या काकूंचा फोन..."

त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"आमसूल, बुवा! बायको मरत होती, आणि मी तिला आमसूल दिलं!"

एवढा शहाणा गडी, पण असा हमसून रडला की ऐकवत नव्हतं.

"दीक्षा द्या मला. आजच द्या. नाव काढून घ्या, आठवण काढून घ्या, काही म्हणजे काही ठेवू नका माझ्यात. असं नाही जगवत."

...

"आधी ते बटण दाब," बुवा म्हणाले.

"कुठलं?"

"ठेवायचं म्हणणारं."

विश्रामने दाबलं. पडद्यावर आकडा चढायला लागला. चार टक्के. नऊ टक्के.

बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले, आत गेले आणि कोरी भगवी कफनी घेऊन आले.

कोळगिरीची रीत कडक. दीक्षा घेणाऱ्याने अंगावरचे कपडे धुनीत टाकायचे, उघड्या अंगावर कफनी चढवायची आणि मागचं नाव पुन्हा काढायचं नाही.

कफनी बघून विश्राम धडपडत उठला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली. घाईघाईने तो शर्टाची बटणं काढू लागला.

बुवांनी त्याचा हात धरला.

सोडलेली बटणं त्यांनी स्वतः लावली. एकेक करत, पार गळ्यापर्यंत. मग कफनी त्याच्या डोक्यातून घातली आणि शर्टावरूनच खाली ओढली.

"बुवा... शर्ट आत राहिला."

"हं."

"तिनेच आणलेला आहे हो हा. धुनीत टाकायचा ना?"

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

विश्रामचा चेहरा पुन्हा पडला. त्याने बुवांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मग हे जाणार कधी, बुवा? सांगा ना. कधी जाणार?"

...

बुवांचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावरची चुणी हाताने सारखी केली.

"उकडेल रे," ते म्हणाले. "जन्मभर उकडेल."