गोमुखाचे पाणी आणि अनंताचे रोप

रेवणगिरी महाराज त्या वर्षी बोरसावळी गावी, नदीकाठच्या पडक्या धर्मशाळेत उतरले होते. गावात नुकतीच पटकीची साथ होऊन गेली होती. हौसाचा नवरा आणि दोन्ही लेकरे आठ दिवसांत गेली. ती तेवढी उरली, आणि उरली हाच तिचा गुन्हा ठरला. महादेवाचे पुजारी विश्वंभरबुवा यांनी तिला देवळाची पायरी बंद केली.

"तुझ्या हातचं काही जगत नाही, बाई. एखादं रोप फुलवून दाखव, मग ये वर!" बुवा चारचौघांत म्हणाले. लोक हसले.

हौसाने बाजारातून अनंताचे रोप विकत आणले. आणले तेव्हा ते कळ्यांनी भरलेले होते. देवळामागच्या गोमुखातून अभिषेकाचे पाणी वाहून येई. ते ती दूध-दही-मधासकट तांब्यात धरी आणि रोज रोपाला घाली. देवाच्या अंगावरचे पाणी, याहून चांगले ते काय! पण कळ्या गळाल्या, पाने पिवळी पडली. बुवा येता-जाता विचारीत, "काय गं हौसे, यालाही पोचवलंस का?"

शेवटी नुसती काडी उरली. ती उपटून हौसा डोहाकडे निघाली. परत यायचे तिच्या मनात नव्हते. काठावर महाराज छाटी वाळत घालत होते.

"माय, कुठं निघालीस?"

"याच्यासंगंच जाते, महाराज."

महाराजांनी रोप हातात घेऊन मुळे हुंगली. "आंबली गं ही! दूध देवाला घालावं. झाडाला साधं पाणी लागतं."

त्यांनी मुळे नदीत धुतली, कुजकी तोडून टाकली. दोऱ्याएवढे एकच पांढरे मूळ राहिले. महाराजांनी ती काडी थेट देवळाच्या पायरीशी नेऊन लावली. "घाल ओंजळभर पाणी. तुझ्याच हातानं."

"मेलेल्याला पाणी पाजता, महाराज?" बुवा हसले.

महाराज अन्न न घेता तिथेच बसून राहिले. हौसाही बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काडीला पान एकही नव्हते. पण टोकावर अनंताचे टपोरे पांढरे फूल उमलले होते!

बुवांनी हातातले ताम्हण खाली ठेवले. "महाराज, त्या पाण्यानं रोप मरतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी मुद्दाम बोललो नाही."

महाराज म्हणाले, "मला काय सांगतोस? डोहाकडे ती निघाली होती."

बुवा पायऱ्या उतरून हौसापुढे वाकले. तिने फूल खुडले आणि आपल्या गेलेल्या तिघांची नावे घेत पायऱ्या चढू लागली. ती गाभाऱ्यापाशी पोचली, तरी बुवांचे डोके वर झाले नव्हते.