टिकलीचं पाकीट

“पण माई, त्या तिघींतली नेमकी कोण, एवढं सांगायला तुमचं काय जातंय?”

माई आतल्या खोलीत बाळांच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“माझं काही जात नाही. तिचं जातं.”

सकाळपासून हेच चाललं होतं. हेमांगीनं विचारायचं, माईंनी टोलवायचं.

नदीकाठच्या त्या मठात बाळंतपणाची खोली होती. माई एके काळी नावाजलेल्या डॉक्टरीण. पुढं संन्यास घेतला, केस उतरवले, भगवं नेसल्या. संसार सुटला, पण बायकांच्या कळा काही त्यांना सोडवल्या नाहीत. एचआयव्ही असलेल्या बाईचं बाळंतपण कसं करायचं, ते शिकायला आसपासच्या दवाखान्यांतल्या नर्सबाया त्यांच्याकडे येत.

ह्या खेपेला आलेल्यांत हेमांगी सोनटक्के होती. तालुक्याच्या दवाखान्यातली थोरली सिस्टर. लेखी परीक्षेत पहिली. आणि पहिलं येणाऱ्या माणसाला कुणी ‘सांगत नाही’ म्हटलं की त्याला चैन पडत नाही, तशी हिलाही पडत नव्हती.

खोलीत तीन बाया होत्या, तिघींचे दिवस भरलेले. त्यांतल्या एकीला ते दुखणं आहे, इतकंच माईंनी सांगितलं होतं. कोण, ते नाही.

“मला कळलं तर मी काळजी घेईन ना, माई.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर... कुणाची म्हणून घेऊ?”

माईंनी दुपटं खाली ठेवलं.

“मघाशी खिडकीजवळच्या बाईचं रक्त काढलंस. हातमोजे कुठं होते?”

“ती ठणठणीत आहे हो. गाल बघा तिचे, टमाट्यासारखे.”

“सुईला टोपण कशानं बसवलंस?”

“...बोटांनी.”

“आणि पेपरात काय लिहिलं होतंस?”

“टोपण लावायचं नाही, सुई तशीच डब्यात टाकायची. पैकीच्या पैकी मार्क आहेत मला.”

माईंनी कपाळाला हात लावला. असली हुशार माणसं शिकवण्यापेक्षा म्हैस वळवलेली बरी, असं त्यांच्या मनात आलं असेल तर देव जाणे. तोंडानं त्या एवढंच म्हणाल्या, “ऐक, शेवटचं सांगते. त्या बाईनं विश्वासानं मला सांगितलंय. चारचौघांत फुटलं तर ती आहे तशी उठून घरी जाईल, कळा येत असल्या तरी. बाळाला जन्मल्या जन्मल्या जे औषध पाजायचं, ते मग घरी कोण पाजील? तू?”

हेमांगीनं मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे. तिच्याकडे तोडगा होता.

तोडगा म्हणजे टिकली. तिच्या दवाखान्यात तिनंच काढलेली पद्धत. असल्या बाईच्या केसपेपरच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवायची. ना नाव, ना बोभाटा. त्या टिकलीचा अर्थ कुणाला कळत नाही, असं हेमांगीला वाटायचं. तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक होता, ही गोष्ट वेगळी.

माई सांगत नाहीत तर नाही. आपल्याला काय डोळे नाहीत?

दाराजवळच्या खाटेवर सरू नावाची पोर होती. काडी झालेली, गाल बसलेले. भिंतीकडं तोंड करून गोळ्या गिळायची. हेमांगीनं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि सरूच्या खाटेला अडकवलेल्या कागदावर एक टिकली दाबून बसवली.

सरूची सासू गयाबाई तिथंच पान लावत बसली होती.

“ओ सिस्टर, आमच्या सुनंच्या कागदाला टिकली कामून?”

“काही नाही, मावशी. खूण आहे.”

“कायची खूण? तालुक्याला ही टिकली कुणाला लावतेत, मला ठाव हाय. रगत कमी हाय माझ्या सुनंला, त्याच्या गोळ्या खाती ती. तू कोण गं तिला डाग लावणारी?”

सरू तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. गयाबाईनं पान टाकलं आणि बोचकं बांधायला घेतलं.

मधल्या खाटेवरची बाई उठून बसली. हळूच खाली उतरली, आपलं लुगडं नि तांब्या पिशवीत भरायला लागली.

खिडकीजवळची, ती टमाट्याच्या गालांची, दारात उभ्या नवऱ्याला म्हणाली, “रिक्षा बघा. इथं नाही राहायचं मला.”

हेमांगी एकीकडून दुसरीकडं बघत राहिली. तिघी निघालेल्या... आणि त्यांतली ती कोण, ते अजूनही कळेना.

माई दारात आल्या. ओरडल्या नाहीत. हेमांगीपुढं हात पसरला.

“पाकीट.”

हेमांगीनं दिलं.

माईंनी एक टिकली मधल्या बाईच्या कागदावर लावली. एक खिडकीजवळचीच्या. मग शिकायला आलेल्या नर्सबायांना ओळीनं, छातीवरच्या नावाच्या पट्टीवर. हेमांगीच्या पट्टीवर जरा जोरातच दाबली.

शेवटची उरली ती त्यांनी स्वतःच्या कपाळावर लावली. मुंडन केलेलं डोकं, भगवी छाटी, आणि मधोमध लाल टिकली.

गयाबाईचा हात बोचक्यावरच थांबला.

“अगं माय... माई, तुमी संन्याशीण ना वो. तुमाला चालती का टिकली?”

“लागली खरी.”

“मंग आता कुणाला काय झालंय, ते कसं कळावं माणसानं?”

“कुणाला कळायला पाहिजे, गयाबाई?”

गयाबाईनं माईंच्या कपाळाकडं बघितलं, सिस्टरच्या छातीकडं बघितलं. मग बोचक्याची गाठ सोडली.

“मला काय करायचंय. मला च्या पाहिजे.”

मधली बाई पिशवी हातात धरून तशीच उभी होती... मग खाटेच्या कडेवर टेकली. खिडकीजवळचीनं नवऱ्याला ‘राहू द्या’ म्हणून खुणावलं.

हेमांगीच्या मात्र नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“हा काय पोरखेळ, माई? आता मी सावध राहायचं तरी कुणापासून?”

माईंनी रिकामं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

तेवढ्यात तिघींतल्या एकीनं खाटेचा गज घट्ट धरला. तिच्या पायांखाली पाणी सांडलं.

“जा,” माई म्हणाल्या. “तुझ्या हातचं बाळंतपण.”

हेमांगी खाटेपाशी गेली. ही ती आहे की नाही? विचारून उपयोग नव्हता, आणि कळा काही उत्तराची वाट बघत नाहीत. तिनं हात कोपरापर्यंत धुतले. एप्रन बांधला, चष्मा चढवला, लांब हातमोजे घातले. सुई टोचली ती बिनटोपणाची तशीच डब्यात गेली. बाई ओरडली तसं तिनं तिला खांद्याशी आवळून धरलं. तिचे गाल कसे आहेत, ते बघायचं राहूनच गेलं.

मुलगी झाली. चांगली रडली.

माईंनी तिला दुपट्यात गुंडाळली, आतल्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. मठात प्रत्येक बाळ असंच आत जायचं. आत नुसतं वजन झालं की औषधही पाजलं, ते माईंना आणि आईलाच ठाऊक.

त्या बाळाला आईच्या कुशीत देऊन माई आल्या तेव्हा हेमांगी बाकावर बसली होती. कपाळावर घाम, हातांत अजून तेच रक्ताचे मोजे.

“माई, आता तरी सांगा. झालं ना सगळं नीट... हीच होती ना ती?”

माईंनी दाराकडं बोट दाखवलं. दाराजवळच्या खाटेवर सरू कण्हायला लागली होती.

“हातमोजे बदल,” माई म्हणाल्या.