कर्नलसाहेबांच्या मिशा

दूरच्या वाळवंटात एका परक्या फौजेचा तळ होता. तिथला विषारी कचरा उचलायचं कंत्राट साताऱ्याकडच्या तुळशीराम लोंढे यांच्याकडे होतं. एकदा जळक्या तेलाचा खड्डा उपसायचा होता, म्हणून लोंढ्यांनी अकरा कामगारांसाठी हातमोजे आणि अंगभर कपडे मागितले.

तळाचे कर्नल रॉडनी गुरकावले, "हा साधा चिखल आहे. उघड्या हातांनी उपसा, नाहीतर सगळे घरी जा!"

"मामा, कातडी सोलून निघेल हो," एक कामगार लोंढ्यांच्या कानात म्हणाला.

"भित्रे कुठले!" असं म्हणत कर्नलसाहेबांनी चिखलात बोट बुडवलं आणि त्याच बोटाने झुपकेदार मिशांना पीळ दिला. "बघा, काही झालं?"

लोंढे एक रिकामं पिंप आणि कात्री घेऊन आले.

"हे कशाला?"

"तुमचाच नियम आहे, साहेब. विषारी कचरा ज्याला लागेल ते पिंपात बंद करायचं. मिशा द्या."

"अरे, पण हे विषारी नाही!"

"मग तसं लिहून सही करा. साध्या चिखलाचं कंत्राट आमच्याकडे नाही. तो तुमचे जवान उपसतील, उघड्या हातांनी."

मागे उभे असलेले जवान तीन पावलं आणखी मागे सरकले.

कर्नलसाहेबांनी हळूच विचारलं, "बोट तरी राहील ना?"

"बोट धुतलं की झालं. केसांत मात्र मुरतं, साहेब."

दुपारपर्यंत अकरा जणांचे कपडे आले. मिशांच्या पिंपावर झाकण बसलं आणि वर चिठ्ठी लागली: 'अतिशय धोकादायक. हात लावू नये.'