कोकणात निघालेली काठी

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. माझ्या आज्यानंही ठेवला नव्हता, आणि तो तर तिथं हजर होता!

तृणानंद महाराज तेव्हा घाटमाथ्यावरच्या गव्हाळीत उतरले होते. गावाच्या वर मोठा सडा; खाली काळा कातळ, वर वीतभर माती आणि गवत. महाराज त्या गवतावरच निजत आणि उठल्यावर त्यालाच नमस्कार करत.

सड्यावर ठकूबाई धनगरीण मेंढरं चारी. रोज नवा तुकडा, रात्री बसवायची जागाही नवी. चरलेल्या तुकड्यावर गवत पुन्हा गुडघ्याला लागेपर्यंत फिरकायचं नाही, ही तिच्या सासऱ्याची शिस्त.

त्या वर्षी सड्यावरच्या झऱ्यापाशी जमीन बोडकी पडली आणि झराही आटला. गणोजी पाटलाच्या म्हशी बारा महिने तिथंच उभ्या. पण पाटलानं चारचौघांत सुनावलं ठकूबाईला. "तुझ्या मेंढरांनी सड्याचं टक्कल केलं! उद्या कळप खाली ने."

"खाली चारा न्हाई, पाटील. कोकरं अजून अंगावर पितात. मरतील की!"

"मग तुझ्या त्या गवत्या बुवाला सांग पाजायला!"

महाराज हसले. म्हणाले, "भांडता कशाला? जमिनीलाच विचारू."

त्यांनी झऱ्यापाशी घागर ओतवली. म्हशींच्या खुरांनी जमीन ओट्यासारखी घट्ट झालेली. पाणी मुरेना, उरलीसुरली माती घेऊन उताराला पळालं. दुसरी घागर ठकूबाईच्या तुकड्यावर. तिथं लेंड्या मातीत कालवल्या गेलेल्या, मुळं दाट. पाणी असं गडप झालं, की घागरही आतून कोरडी!

"भोक असेल घागरीला," पाटील म्हणाला.

तेव्हा महाराजांनी तिथंच आपली काठी टेकवली आणि एका बोटानं दाबली. काय सांगू! मातीतून गेली, कातळातून गेली, आणि थेट कोकणात एका फणसावर आदळली! फणस पडल्याचा धप्प आवाज वर आला, मागोमाग वास आला, आणि वासामागून पाणी उसळलं. गारेगार! कोकरं आधी धावली.

पाटलानं हात जोडले. "चुकलो महाराज. दोष माझ्या म्हशींचा."

"म्हशींचा नव्हे, त्यांना हलू न देणाऱ्याचा. चरल्यानं माती मरत नाही, बाबा. तिला उसंत मिळाली नाही, की मरते."

पाटील खालमानेनं म्हणाला, "ठकूबाई, कळप राहू दे इथंच."

"ऱ्हाईल. पर म्हशी माझ्या तुकड्यावर आणू नका. गवत अजून घोट्याएवढंच हाय."

पाटलानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी हातातल्या काठीनं त्याची पाठ हळूच थोपटली आणि...

"थांब रे!" मागं गोष्ट ऐकत बसलेली बयोआत्या ओरडली. "काठी तर कोकणात गेली ना आत्ता? मग पाठ कशानं थोपटली, फणसानं?"